सायकलवरचा वाळलेला गोंद रंग न घालवता कसा काढावा

जुनी सायकल घरी आली की आधी हात जातो तिच्यावरच्या स्टिकरकडे. वरचा कागद फाटून निघतो, खालचा गोंद मात्र दांड्यालाच राहतो. त्यावर धूळ बसून काळा पट्टा होतो. मग कोणी चाकू घेतं, कोणी तारेची घासणी. माझ्या मुलीच्या सायकलचा रंग मी असाच खरवडला होता आणि पुढच्याच पावसाळ्यात नेमका तिथे गंज चढला. म्हणून सांगते, हत्यार उचलण्याआधी गोंद कोणता आहे ते ओळखा.

नखाने दाबून पाहा. नख रुततं आणि बोटाला चिकटतं, तर तो स्टिकरचा किंवा टेपचा गोंद. काचेसारखा कडक असेल तर फेविक्विकच्या जातीचा. दगडासारखा राखाडी थर म्हणजे बहुधा एम-सील.

स्टिकरच्या गोंदासाठी आधी तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. धुळीचे कण राहिले तर घासताना रंगावर चरे पडतात. मग हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा-एक मिनिट फिरवा. हात लावला तर सोसवेल इतपतच धातू तापू द्या. कार्बनची फ्रेम असेल तर ड्रायर बाजूलाच ठेवा. गोंद मऊ झाला की जुनं प्लॅस्टिकचं कार्ड तिरकं धरून हळूहळू सरकवत न्या. उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेलात भिजवलेला कापूस पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तेल गोंदात मुरतं आणि त्याची पकड सुटते. मग फडक्याने पुसा आणि भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा घालवा. तरीही डाग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं, सफाईसाठी वापरतात ते स्पिरिट) वापरा, पण आधी पायडलच्या खाली, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून रंग सुटत नाही ना ते बघा.

रिमवर मात्र तेल किंवा रॉकेल चुकूनही नको. ब्रेकचे गुटके जिथे घासतात तिथे तेलाचा हात लागला तरी ब्रेक नीट लागत नाही. डिस्क ब्रेकच्या चकतीलाही तोच नियम. अशा ठिकाणी फक्त अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. पंक्चरचं वाळलेलं सोल्यूशन हे मुळात रबरच असतं, त्यामुळे रिमवर सांडलेलं सोल्यूशन अंगठ्याने चोळलं तरी त्याच्या गोळ्या होऊन ते निघतं. टायर आणि ग्रिपलाही तेल-रॉकेलपासून लांब ठेवा. रबर फुगतं आणि खराब होतं.

फेविक्विक ॲसिटोनने विरघळतं, पण ॲसिटोन रंग आणि प्लॅस्टिकही खातं. त्यामुळे ते फक्त रंग नसलेल्या धातूवर, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास गॅस-काडेपेटी नसताना वापरा. एम-सील यातल्या कशानेच विरघळत नाही. रंगावर बसलेलं असेल तर ते तसंच राहू द्यावं, असं माझं मत. खरवडून रंग जाण्यापेक्षा ते बरं.

हेल्मेटवरच्या स्टिकरला पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन लावू नका. वरचं कवच पॉलिकार्बोनेटचं असेल तर त्यात बारीक तडे जातात आणि ते वरून दिसतही नाहीत. तिथे कोमट साबणाचं पाणी आणि सबुरी, एवढंच.

सगळं झालं की सायकलवर बसण्याआधी ती हाताने ढकलत न्या आणि दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा.