लाकडी काउंटरखाली बेसिन बसवताना कापलेली कड सांभाळा

जुन्या घराच्या मोडतोडीतली जाड सागवानी फळी हाती लागली की गोव्यात तिचा बाथरूम-काउंटर करायची हुक्की येतेच. खुशाल करा. फक्त ‘वरून पॉलिश मारलं की झालं’ म्हणणारा मेस्त (सुतार) दारातूनच परत पाठवा.

बेसिनसोबत आलेला टेम्प्लेट, म्हणजे कापायच्या आकाराचा नमुना, प्लायवर उतरवून घ्या आणि त्याच्या आधाराने फळीतलं भोक राऊटरने (लाकूड कोरायच्या विजेच्या यंत्राने) कापा. भोकाची कड बेसिनच्या आतल्या कडेशी जुळू द्या, किंवा किंचित मागे ठेवा. लाकूड बेसिनवर पुढे आलं तर त्याच्या पोटाला पाणी लागत राहतं आणि खालची बुरशी दिसतही नाही.

आता कड. इथेच मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं. गोल भोकात दोन बाजूंना लाकडाचे रेषे आडवे कापले जातात आणि पाणी शिरतं ते तिथूनच. या कडेला तेल किंवा मेलामाइन पॉलिश पुरत नाही, इपॉक्सीच हवी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं, घट्ट होणारं रेझिन. आधी धारदार कोपरे घासून गोल करा, कारण धारेवर थर पातळ बसतो आणि पहिला तिथेच फुटतो. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून अॅसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्या. आडव्या रेषांनी तो पिऊन टाकला की दुसरा, आणि कड सलग चकचकीत दिसेपर्यंत पुढचा. खालच्या बाजूलाही चार बोटं रुंद पट्टा द्या. नळाचं भोक विसरू नका. हे काम जुलैत काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही.

बेसिन सिलिकॉनच्या भरवशावर लटकवायचं नाही. सिरॅमिकचं वजन आणि पाण्याचा भार कपाटाला स्क्रूने बसवलेल्या आडव्या पट्ट्यांनी पेलावा. सिलिकॉन फक्त सांधा बंद करायला. न्यूट्रल (व्हिनेगरसारखा आंबट वास नसलेलं), बुरशीरोधक घ्या. ते लागणाऱ्या जागी तेल, मेण काही नको. चोवीस तास हात लावू नका.

काउंटर कपाटाला लांबट भोकांतून स्क्रूने धरा आणि भिंतीशी तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते.

मग बेसिन काठोकाठ भरा, सांध्याखालून कोरडा टिश्यू फिरवा. पुढे कधी सिलिकॉन काळं पडलं तर त्यावर नवं फासू नका, जुनं पूर्ण खरवडून काढा.