परदेशातून रुग्णासाठी औषध मागवताना: परवाना, दाखला आणि कस्टम ड्युटी

"पार्सल निघू द्या, कागद ते पोचेपर्यंत होतील." हा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो आत्ताच सोडून द्या. दोन ते आठ अंशांत ठेवायचं इंजेक्शन मुंबई विमानतळावर सहारच्या कार्गोत अडकतं, तेव्हा प्रत्येक तास त्या औषधाच्या आयुष्यातून वजा होत असतो. मी हे काम पहिल्यांदा पुतण्यासाठी केलं आणि पुढे ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांसाठी. इथे सांगतो आहे ते एका रुग्णासाठी, स्वतःच्या वापराचं औषध कुरिअरनं किंवा एअर कार्गोनं मागवण्याबद्दल. विक्रीसाठी आयात करायची तर त्याचे नियम निराळे.

डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाचं आधार आणि पॅन, परदेशी फार्मसीचं कोटेशन हे तुमच्याकडे आहे असं धरतो. घरगुती वापरासाठी आयईसी कोड (आयातदार-निर्यातदारांचा सरकारी क्रमांक) लागत नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पायरी १: औषध कुठल्या गटात मोडतं ते बघा

मॉर्फीनसारखी अफूपासूनची वेदनाशामकं, काही झोपेच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्यांचं काम ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे असतं. तुमचं औषध त्यातलं असेल तर हा लेख पुरणार नाही.

पायरी २: १२-बी परवाना

औषध नियम, १९४५ मधल्या नियम ३६ प्रमाणे प्रवासी स्वतःच्या सामानातून स्वतःसाठी एका औषधाचे जास्तीत जास्त १०० सरासरी डोस आणू शकतो. 'स्वतःसाठी' हा शब्द नीट वाचा. दुबईहून येणाऱ्या आतेभावाच्या बॅगेतून तुमच्या आईचं औषध आणणं या सवलतीत बसत नाही. अनेकांचं निभावतं म्हणून तो नियम होत नाही, आणि ज्याचं औषध अडकतं त्याच्याकडे दाखवायला एकही कागद नसतो.

कुरिअरनं येणार असेल तर १२-ए अर्ज भरायचा. तो केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे जातो. मंजूर झाला की १२-बी परवाना मिळतो. राज्याच्या एफडीएत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात, हेलपाटे घालू नका, आयात हा त्यांचा विषय नाही. अर्जातली संख्या चिठ्ठीतल्या डोसाशी जुळली पाहिजे. पुढे लागेल म्हणून वर्षभराचा साठा लिहिलात तर प्रश्न येणारच.

पायरी ३: ड्युटीमाफीचा दाखला

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथेच जातो. मीही इथेच अडकलो होतो.

सर्वसाधारण औषधावर मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग औषधाच्या किमतीसह या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर आयजीएसटी ५ टक्के आहे, काही जीवरक्षक औषधांवर शून्य. औषध ३ लाखांचं आणि भाडं-विमा २० हजारांचा असेल तर हिशेब ३,२०,००० वर होतो: शुल्क ३२,०००, अधिभार ३,२००, त्यावर आयजीएसटी १७,७६०. एकूण ५२,९६० रुपये, आणि तेही दर खेपेला.

दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात, म्हणजे २०२१ च्या धोरणात, आजार असेल (गोशे, पॉम्पे, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी वगैरे) तर स्वतःसाठी आणलेल्या औषधावर १ एप्रिल २०२३ पासून मूळ शुल्क माफ आहे. त्याच वर्षी जुलैत जीएसटी परिषदेनं आयजीएसटीही माफ केला. फेनिलकीटोन्युरियाच्या मुलांना लागणारी खास दुधाची भुकटी म्हणजे विशेष वैद्यकीय आहार. तोही या माफीत येतो, हे कित्येक आईवडिलांना माहीत नसतं.

पण माफी आपोआप लागत नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या आरोग्य संचालकांचा, नाहीतर जिल्हा शल्य चिकित्सकांचा दाखला लागतो. खाजगी रुग्णालयातले डॉक्टर कितीही मोठे असोत, त्यांच्या लेटरहेडवर काम होत नाही. दाखल्याचा नमुना ही माफी देणाऱ्या कस्टमच्या अधिसूचनेलाच जोडलेला आहे. तो छापून, टंकून, बरोबर घेऊनच जिल्हा रुग्णालयात जा. कोरा विनंती अर्ज घेऊन गेलात तर तिथला लिपिक त्याला सुचेल तसं पत्र तयार करेल, आणि ते कस्टमला चालेल याची खात्री नाही. आणखी एक: वर्षानुवर्षं सगळीकडे ५०/२०१७ ही अधिसूचना सांगितली जायची. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिची जागा ४५/२०२५ नं घेतली आहे. जुन्या दाखल्याची झेरॉक्स पुढे करून 'असाच द्या' म्हणू नका. अनुक्रमांक नव्या अधिसूचनेतून बघा, किंवा तुमच्या सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडून, लेखी मागून घ्या.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. दाखला वेळेत मिळाला, परवानाही मिळाला. दोन्हींवर औषधाचं ब्रँडचं नाव होतं. परदेशी पुरवठादारानं इनव्हॉइसवर फक्त जेनेरिक नाव लिहिलं, आणि कुप्यांऐवजी खोक्यांची संख्या टाकली. खेप शुक्रवारी दुपारी उतरली. अधिकाऱ्यानं विचारलं, हे तेच औषध कशावरून? प्रश्न रास्त होता, माझ्याकडे उत्तराचा कागद नव्हता. डॉक्टरांचं पत्र मिळवून ते नेऊन देईपर्यंत मंगळवार उजाडला. खोका उघडला तेव्हा जेल पॅक हाताला मऊ लागत होते, आणि डेटा लॉगरवर, म्हणजे खोक्यातल्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर, लाल फुली होती. कमाल तापमान चौदा अंश. कंपनीनं लेखी कळवलं, वापरू नका. सहा कुप्या. पुतण्याचे दोन डोस चुकले.

तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी एक ओळ तयार करतो. त्यात रुग्णाचं आधारवरचं नाव, औषधाचं जेनेरिक नाव, ब्रँड, ताकद, पॅकिंग आणि एकूण नग, या क्रमानं. उदाहरणार्थ, रुग्णाच्या नावापुढे "इमिग्लुसरेज, सेरेझाइम, ४०० युनिट, एका खोक्यात एक कुपी, एकूण ६ कुप्या". ही ओळ चिठ्ठी, १२-बी, दाखला, इनव्हॉइस आणि एअरवे बिल (विमान वाहतुकीची पावती) या पाचही कागदांवर जशीच्या तशी हवी. चिठ्ठीत 'संजय' आणि आधारवर 'संजयकुमार' असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी नव्यानं लिहून घ्या. लाजू नका. पुरवठादाराकडून इनव्हॉइसचा मसुदा ईमेलवर मागवा आणि तुम्ही 'ठीक' म्हटल्याशिवाय पॅकिंग करू नका असं स्पष्ट कळवा.

"आत्ता ड्युटी भरून टाका, मग रिफंड मागू" हाही सल्ला घेऊ नका. कस्टम कायद्याच्या कलम २७ खाली अर्जाला एक वर्षाची मुदत आहे हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधल्या आयटीसी कंपनीच्या खटल्यातल्या निकालानंतर मूळ आकारणीच बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही. म्हणजे अपील किंवा नोंद दुरुस्त करून घेण्याची प्रक्रिया आली. पेशंट सांभाळणाऱ्या माणसाकडून ते होत नाही. माफी मागायची ती बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं विवरण, भरतानाच.

पायरी ४: खेप रवाना करणं

मुंबईमार्गे मागवा, औषध आयातीसाठी ठराविक बंदरं आणि विमानतळच अधिसूचित आहेत. सोमवारी निघेल असं बघा, म्हणजे मधे शनिवार-रविवार येणार नाही. खोक्यात डेटा लॉगर हवाच, आणि पॅकिंग किमान ९६ तास थंड राहील असं लेखी घ्या. सीएचए खेप निघण्याआधी ठरवा, पाच कागदांच्या प्रती त्याला आधीच पाठवा.

नातेवाईक पाठवणार असतील तर त्यांना 'गिफ्ट, एक डॉलर' असं लिहू देऊ नका. फुकट आलेल्या औषधाचंही मूल्य कस्टम ठरवतंच, आणि खोटा आकडा दिसला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो. कंपनीकडून मोफत मिळत असेल तर इनव्हॉइसवर खरी किंमत आणि 'विनामूल्य, रुग्णासाठी' असं दोन्ही लिहून घ्या.

पायरी ५: सोडवणं

केवायसी त्याच दिवशी, ड्युटी लागलीच तर ऑनलाइन लगेच. भरायला उशीर झाला तर व्याज लागतं. बाकी सीएचए बघतो.

खोका घरी नेऊ नका, थेट रुग्णालयाच्या फार्मसीत न्या. फार्मासिस्टसमोर उघडा, लॉगरचा आलेख काढून घ्या आणि खेप क्रमांकासह त्याची सही घ्या. तापमान दोन ते आठच्या बाहेर गेलं असेल तर कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत एकही कुपी टोचू देऊ नका.