शेतातून आलेली भाज्यांची टोपली: या चुका टाळा

शेतकऱ्याकडून दर आठवड्याला थेट येणाऱ्या टोपलीतली भाजी वाया जाते, ती स्वयंपाक येत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा भाजी चुकीच्या क्रमाने शिजवलेली असते. बाजारात जाताना आपण आधी पदार्थ ठरवतो आणि त्यासाठी भाजी आणतो. टोपलीत भाजी आधी येते आणि पदार्थ मागाहून ठरतो. सवय मात्र जुनीच राहते. मग ‘याचं काय करू’ या विचारात दोन-तीन दिवस जातात आणि तोवर सगळ्यात नाजूक जुडी काळी पडलेली असते. म्हणून टोपली आल्या आल्या पाककृती शोधायला बसू नका. कोणती भाजी किती दिवस थांबेल ते आधी बघा, बेत त्यावरून ठरवा.

टोपली तशीच फ्रीजमध्ये सारणं

सगळ्यात जास्त भाजी या चुकीने जाते. टोपली आली त्या दिवशी अर्धा तास काढला, तर पुढचा आठवडा सोपा होतो.

मुळा, बीट, गाजर आणि सलगम बऱ्याचदा पाल्यासकट येतात. पाला हिरवागार दिसतो म्हणून तो तसाच ठेवला जातो. पण कापणीनंतरही पानांतून पाणी उडत राहतं आणि ते कंदातून ओढलं जातं. एक-दोन दिवसांत मुळा वाकायला लागतो, गाजर मऊ पडतं. तेव्हा देठाचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा कंदाला ठेवून पाला लगेच कापा. बीटच्या बाबतीत हा तुकडा नक्की ठेवा आणि शेपटीही छाटू नका, नाहीतर उकडताना रंग पाण्यात उतरतो.

कापलेला पाला फेकू नका. बीटची पानं पालकासारखी शिजतात, देठ थोडे आधी टाकावे लागतात एवढंच. मुळ्याची पानं कच्ची असताना खरखरीत लागतात, पण शिजल्यावर हा खरखरीतपणा जातो. गाजराचा कोवळा पाला लसूण, तेल आणि लिंबाच्या रसाबरोबर वाटला की चांगला लागतो. पाला वेगळा केल्यावर एका जुडीच्या दोन भाज्या होतात. कंद आठवडाभर किंवा जास्तही थांबतो, पाला मात्र दोन दिवसांत संपवायचा.

पालेभाजी धुऊन ठेवावी की न धुता, यावर घरोघरी वाद असतो. दोन्ही चालतं. ओली ठेवणं मात्र चालत नाही. पानांवर पाणी राहिलं की ती चिकट होऊन सडतात, आणि फ्रीजच्या कोरड्या हवेत उघडी ठेवली तर सुकतात. म्हणून पानं पूर्ण निथळवा, पुसा, सुती कापडात सैल गुंडाळा आणि मग डब्यात किंवा पिशवीत ठेवा. धुताना जुडी नळाखाली धरून भागत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवून हलवा, मिनिटभर थांबा आणि पानं हातांनी वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलं, तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलत राहा. कंदांवरची माती मात्र फक्त झटका. ते शिजवायच्या वेळीच धुवावेत.

सगळ्यांना एकच थंडी

फ्रीजमध्ये साधारण ४ अंश सेल्सिअस तापमान असतं. पालेभाज्या, कोबी, गाजर, ब्रोकोली यांना ते मानवतं. टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळी मिरची, रताळी आणि बेसिल ही उष्ण हवेतली झाडं. १० अंशांच्या खाली जास्त दिवस राहिली की त्यांच्या पेशींना इजा होते. काकडीवर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या बिया काळ्या होतात, बेसिल काळवंडतं.

टोमॅटोचं नुकसान बाहेरून दिसत नाही, चवीत कळतं. त्याचा सुगंध ज्या द्रव्यांमुळे येतो ती थंडीत तयार होईनाशी होतात आणि गर पिठूळ लागतो. शेतात पिकलेल्या टोमॅटोची खरी किंमत त्या सुगंधात आहे, त्यामुळे ही चूक मला फार लागते. टोमॅटो बाहेर ठेवा, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता. पूर्ण पिकले आणि संपण्यासारखे नसले, तर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. खाण्याआधी काही तास बाहेर काढा म्हणजे झालं. काकडी आणि वांगी फ्रीजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात ठेवा आणि तीन दिवसांत वापरा.

बटाटा फ्रीजमध्ये गेला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग तो गोडसर लागतो आणि भाजताना, तळताना आतून शिजण्याआधीच काळपट होतो. उजेडात ठेवला तर हिरवा पडतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी असतो, पण त्याच उजेडाने सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढतं आणि ते शिजवल्याने जात नाही. थोडा हिरवा भाग असेल तर जाडसर कापून काढा. बटाटा बराच हिरवा झाला असेल किंवा कडू लागला, तर टाकून द्या. बटाट्याला अंधार, वारा आणि गारवा हवा, आणि कांद्यापासून लांब जागा हवी, कारण शेजारी ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

आता एक नेहमीची तक्रार: ‘गाजरं ताजी होती, तरी कडू कशी निघाली?’ गाजरांच्या शेजारी काय ठेवलं होतं ते आठवून बघा. सफरचंद, पिकणारी केळी, खरबूज आणि टोमॅटो एथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याच्या संपर्कात गाजरात कडवट द्रव्यं तयार होतात, ब्रोकोलीचे तुरे पिवळे पडतात, पालेभाजीची पानं पिवळी होऊन गळतात. फळं आणि या भाज्या एका कप्प्यात ठेवू नका.

जे टिकाऊ दिसतं ते मागे ठेवणं

नाजूक दिसणारी भाजी आधी खायची, हा अंदाज साधारण बरोबर ठरतो. मका आणि हिरवे वाटाणे मात्र फसवतात. कणीस पानांत गुंडाळलेलं, वाटाणा शेंगेत बंद, म्हणून दोन्ही टिकतील असं वाटतं. प्रत्यक्षात तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, उष्णतेत तर झपाट्याने. आठवड्याच्या शेवटी शिजवलेलं कणीस खराब झालेलं नसतं, पण त्याचा गोडवा गेलेला असतो. ही दोन्ही आल्या दिवशीच शिजवा.

पहिल्या दोन दिवसांत त्यांच्याबरोबर कोवळी पानं, सॅलडचा पाला आणि कंदांवरून कापलेला पाला संपवा. आठवड्याच्या मध्यावर फरसबी, ब्रोकोली, फ्लॉवर, झुकिनी, वांगी, काकडी घ्या. कोबी, गाजर, बीट शेवटच्या दिवसांसाठी राखा. लाल भोपळा, कांदा आणि लसूण यांची घाई नाही. टणक सालीचा भोपळा देठ न तोडता कोरड्या, गार जागी ठेवला तर काही महिने राहतो, कापल्यावर मात्र फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांतच संपवावा लागतो.

पातेल्यात काय बिघडतं

ताज्या भाजीत पाणी जास्त असतं आणि ती लवकर शिजते. त्यामुळे नेहमीच्या वेळेच्या थोडं आधीच चाखून बघा.

पालेभाजी खारट होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. पातेलं भरून दिसतं, मीठ त्या ढिगाच्या अंदाजाने पडतं आणि पानं बसून मूठभर उरतात. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पानं आधी मऊ होऊ द्या, मग मीठ घाला. फार पाणी सुटलं तर झाकण काढून आच वाढवा. त्या पाण्यात पिठं घालून ते आटवायचा प्रयत्न करू नका, चव दबते.

हिरवी भाजी मळकट का होते? तिचा रंग क्लोरोफिलचा, म्हणजे हरितद्रव्याचा. आंबट पदार्थाच्या आणि लांबलेल्या उष्णतेच्या संगतीत क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. भाजीतूनही शिजताना आम्लं सुटतात, म्हणून पहिली काही मिनिटं झाकण ठेवू नका. लिंबू, व्हिनेगर किंवा टोमॅटो शेवटी घाला. चिमूटभर सोडा घातला की रंग टिकतो हे खरं, पण भाजी लगदा होते आणि क जीवनसत्त्व व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) यांचं नुकसान होतं. मी हा उपाय कुणाला सुचवणार नाही.

कोबी आणि फ्लॉवरचा उग्र वास जास्त शिजवल्याने येतो. जितका वेळ आचेवर, तितकी गंधकयुक्त द्रव्यं अधिक. पातळ चिरून मोठ्या आचेवर थोडाच वेळ परता.

ओव्हनमध्ये भाज्या भाजताना त्या खरपूस न होता पिळपिळीत होतात, ही तक्रार टोपली घेणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. भाजी संपवायची असते म्हणून ट्रे गच्च भरला जातो, सुटलेली वाफ तिथेच कोंडते आणि भाजी भाजण्याऐवजी वाफवली जाते. फोडी कोरड्या करा, एका थरात सुट्या पसरा, दोन ट्रे वापरा आणि २०० ते २२० अंश ठेवा. बीट आणि झुकिनी एका ट्रेमध्ये नकोत. झुकिनी वितळेल तेव्हा बीट कच्चंच असेल.

वांगं तेल पितं, कारण त्याचा गर हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवून पिळल्या, किंवा आधी वाफवल्या, तर पोकळ्या दबतात आणि तेल कमी लागतं.

फार आलं म्हणून घाईने साठवणं

हिरवी भाजी कच्चीच फ्रीजरमध्ये टाकली तर तिची विकरं (एन्झाइम, म्हणजे भाजीत बदल घडवणारी द्रव्यं) गोठवल्यावरही हळूहळू काम करत राहतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग व चव जाते. आधी उकळत्या पाण्यात बुडवा: पालेभाजी २ मिनिटं, फरसबी ३ मिनिटं. मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा, कोरडी करा आणि एका वेळेला लागेल तेवढे भाग करून गोठवा. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा, कारण गोठलेला पालक आणि बीटचा पाला सारखेच दिसतात. सॅलडची पानं, काकडी आणि मुळा गोठवू नका.

कोबी आंबवायचा असेल तर मीठ अंदाजाने नको. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळा आणि कोबी स्वतःच्याच पाण्यात पूर्ण बुडालेला ठेवा. वर आलेला तुकडाच आधी बुरसतो.

तेलातला कच्चा लसूण किंवा ताजी पानं मात्र स्वयंपाकघरात बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमक्या अशा जागी विष तयार करू शकतात. त्याला वास वा चव असेलच असं नाही. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा किंवा सरळ गोठवा.

वाळलेलं फेकणं, घातक ठेवणं

मलूल झालेली पानं, वाकलेलं गाजर, मऊ पडलेला मुळा यांचं फक्त पाणी कमी झालेलं असतं. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, बहुतेक पुन्हा ताठ होतात. नाही झाली तर सूपमध्ये जातील. चिकट, दुर्गंधी येणारं किंवा बुरशी आलेलं मात्र जाऊ द्या.

दुधी, झुकिनी किंवा काकडीचा एक तुकडा चिरताना चाखा. तो असह्य कडू लागला तर पूर्ण फळ टाका. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, ते शिजवूनही जात नाही आणि त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते. आधीच शिजवलेल्या पदार्थात असा कडूपणा जाणवला, तर पदार्थही टाकून द्या. फरसबीसारख्या शेंगाही कच्च्या खाऊ नयेत, त्यातली लेक्टिन नावाची पोट बिघडवणारी प्रथिनं उकळल्यावरच निष्प्रभ होतात.

टोपलीकडून दुकानाची अपेक्षा

या पद्धतीत सभासद हंगामाच्या आधीच पैसे देतो आणि पिकाची जोखीम शेतकऱ्याबरोबर वाटून घेतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने अशीच व्यवस्था उभी राहिली आणि अमेरिकेत तिची पहिली दोन शेतं १९८६ मध्ये सुरू झाली. म्हणजे पाऊस लांबला तर टोपली हलकी येणार, आणि झुकिनीला बहर आला तर तीन आठवडे झुकिनीच येणार. अशा वेळी शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा: भाजी कधी काढली, आणि पुढच्या आठवड्यात काय येणार आहे. पहिल्या उत्तरावरून काय आधी शिजवायचं ते कळतं आणि दुसऱ्यावरून आत्ता काय गोठवून जागा करायची ते. बाहेरगावी जाणार असाल तर आठवडाभर आधी सांगा, म्हणजे तुमची टोपली शेजाऱ्याला किंवा दुसऱ्या सभासदाला देता येईल.