एसआयडीवरील उंचीची मर्यादा न ओलांडता चढाई कशी करावी

न्यू जर्सीतील टेटरबरो हा खासगी जेट विमानांचा गजबजलेला विमानतळ नेवार्कच्या इतका जवळ आहे की दोन्हीकडची वाहतूक एकमेकींच्या वर-खाली ठेवूनच हलवावी लागते. टेटरबरोच्या २४ क्रमांकाच्या धावपट्टीवरून 'रूडी' या एसआयडीने, म्हणजे चार्टवर छापलेल्या ठरावीक प्रस्थानमार्गाने, निघणाऱ्या विमानाने 'वेंट्झ' हा बिंदू १,५०० फुटांवर ओलांडावा आणि त्यानंतरच २,००० फुटांकडे चढावे, अशी या प्रस्थानाची वर्षानुवर्षांची रचना आहे. त्याच आकाशातून नेवार्कला उतरणारी विमाने जेमतेम हजार फूट वरून जाऊ शकतात. तरीही वेंट्झची अट विसरून थेट २,००० फुटांवर गेल्याच्या नोंदी वैमानिकांनी नासाच्या एएसआरएस या गोपनीय अहवाल प्रणालीकडे वारंवार केल्या आहेत. हे वैमानिक अननुभवी होते असे मुळीच नाही. चढाईतला शेवटचा आकडा मनात पक्का बसतो आणि मधला आकडा चार्टवरच राहतो, हे या चुकीचे मूळ आहे, आणि पुढील प्रत्येक सूचना त्यावरच बेतलेली आहे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी चार्टवरील उंचीच्या अटी उड्डाणाच्या क्रमाने मोठ्याने वाचाव्यात. आकड्याखाली रेघ असेल तर ती किमान उंची, वर रेघ असेल तर ती कमाल आणि दोन्हीकडे रेघा असतील तर नेमकी तीच उंची. त्यानंतर विमानाच्या एफएमएसमधील (मार्ग व उंचीचे नियोजन करणाऱ्या संगणकातील) प्रत्येक बिंदू व त्यावरील उंची चार्टशी ताडून पाहावी. एकाने चार्ट वाचावा आणि दुसऱ्याने पडदा पाहावा. दोघांनी एकच पडदा पाहिला तर ती तपासणी होत नाही. उड्डाणापूर्वीच्या आपसातील उजळणीचा (ब्रीफिंगचा) शेवट सर्वांत वरच्या उंचीने न करता 'पहिला थांबा १,५००, वेंट्झ ओलांडेपर्यंत' अशा वाक्याने करावा, कारण धावपट्टीवर शिरताना शेवटचे ऐकलेले वाक्यच लक्षात राहते.

नियंत्रकाच्या शब्दांबाबत विशेष काळजी घ्यावी. अमेरिकेत एप्रिल २०१४ पासून 'क्लाइंब व्हाया एसआयडी' ही परवानगी मिळाली की छापलेला मार्ग, उंची आणि वेग या तिन्ही अटी पाळायच्या असतात. तिला 'एक्सेप्ट मेंटेन' जोडून नवी उंची दिली तर केवळ सर्वांत वरची उंची बदलते आणि मधल्या अटी कायम राहतात. मात्र तिथे नुसते 'क्लाइंब अँड मेंटेन' म्हटले तर मधल्या उंचीच्या अटी रद्द होतात. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या पद्धतीत याउलट, नवी वरची पातळी दिली तरी नियंत्रकाने स्पष्टपणे रद्द केल्याशिवाय छापलेल्या अटी कायम राहतात. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन भारतात किंवा आखातात उड्डाण करणाऱ्या मराठी वैमानिकांनी हा फरक मनावर कोरून घ्यावा आणि प्रत्येक देशाचे एआयपी, म्हणजे अधिकृत हवाई माहिती-पुस्तक, स्वतः वाचावे. अर्थाविषयी शंका आली तर रीडबॅकवर (सूचना जशीच्या तशी परत म्हणण्यावर) न थांबता सरळ विचारावे. नियंत्रकालाही तो प्रश्न हवाच असतो.

ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत कोणता आकडा ठेवायचा, हे विमानाचा प्रकार आणि कंपनीची कार्यपद्धती यांवर ठरते. व्हीनॅव्ह (चढ-उतार आपोआप सांभाळणारी प्रणाली) कार्यरत असताना वरची उंची निवडली तरी ती प्रणाली मधल्या अटी पाळते, म्हणून अनेक कंपन्या तशी मुभा देतात. परंतु व्हीनॅव्ह खरोखर लागले आहे की नाही, हे एफएमएवर (ऑटोपायलटची चालू स्थिती दाखवणाऱ्या पट्टीवर) वाचल्याशिवाय ते लागले असे मानू नये. पहिला थांबा इतका खाली असेल, तर कार्यपद्धतीत बसत असल्यास खिडकीत १,५०० च ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. पुढचा आकडा लावण्याची वेळही ठरलेली असावी: विमान १,५०० वर स्थिरावले म्हणून नव्हे, तर वेंट्झ मागे पडल्यावरच. स्थिरावल्याबरोबर २,००० लावण्याचा मोह होतो, आणि अशा वेळी पहिली उंची अचूक गाठूनही अट मोडली जाते.

हलके भरलेले जेट मिनिटाला ४,००० फूट चढत असेल तर १,५०० फूट गाठायला पंचवीस सेकंदही लागत नाहीत, आणि तेवढ्यातच चाके, फ्लॅप, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) आणि नवी फ्रिक्वेन्सी ही सारी कामे येऊन पडतात. म्हणून थ्रस्ट कधी कमी करायचा हे जमिनीवरच ठरवावे, विमान सपाट होईपर्यंत चेकलिस्ट थांबवावी आणि शेवटच्या हजार फुटांत चढाईचा वेग मिनिटाला ५०० ते १,५०० फुटांच्या दरम्यान आणावा. पहिला थांबाच १,५०० फुटांवर असेल, तर हे नियंत्रण चाके उचलल्यानंतर लगेच सुरू होते.

अल्टिमीटरची (उंचीमापकाची) दाबाची मांडणी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी. क्यूएनएचमध्ये (समुद्रसपाटीवर आणलेल्या स्थानिक हवेच्या दाबाच्या आकड्यात) दहा हेक्टोपास्कलची चूक झाली तर समुद्रसपाटीजवळ सुमारे २७० फुटांचा फरक पडतो, आणि युरोपात ३०० फुटांचे विचलन 'लेव्हल बस्ट' (उंचीचा भंग) मानले जाते. स्थानिक दाब सोडून सर्वांनी एकच प्रमाणित दाब लावायची ट्रान्झिशन उंची अमेरिकेत १८,००० फूट आहे. भारतात ती बरीच खाली असल्याने ऐन चढाईत मांडणी बदलावी लागते.

इतके करूनही उंची ओलांडली गेली, तर विमान धक्का न देता पण तत्काळ योग्य उंचीवर आणावे आणि नियंत्रकाला लगेच कळवावे. टीकॅस या टक्कर टाळणाऱ्या प्रणालीचा आरए, म्हणजे वर किंवा खाली जाण्याचा आदेश, आला असेल, तर मात्र आधी तो पाळावा, नियंत्रकाची सूचना त्याविरुद्ध असली तरी. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांमध्ये ठेवलेले हजार फुटांचे अंतर एकाने उंची सोडल्यामुळे संपले आणि ३४९ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानांवर टीकॅसची सक्ती भारतात त्यानंतरच झाली. अमेरिकेत अशी घटना घडल्यास दहा दिवसांच्या आत एएसआरएसकडे अहवाल द्यावा. चूक हेतुपुरस्सर नसेल तर त्यामुळे दंडापासून संरक्षण मिळू शकते, शिवाय कोणत्या प्रस्थानाची रचना वैमानिकांना पुन्हा पुन्हा चकवते, हे अशा अहवालांतूनच उघड होते. अहवालात कोणती परवानगी कोणत्या शब्दांत मिळाली, खिडकीत कोणता आकडा होता आणि एफएमएवर काय लिहिलेले होते, या तीन गोष्टी आठवणीत ताज्या असतानाच नोंदवाव्यात.