रक्त पातळ करणारी नवी गोळी: पैसे वाचवताना या चुका टाळा

पत्त्यात दहा गोळ्या. सकाळी एक, रात्री एक. म्हणजे पत्ता पाच दिवसांत संपायला हवा. रामबागेतल्या एक काकू मात्र दर दहा-बारा दिवसांनी एकच पत्ता न्यायला येत. दोन महिने मी तो मुकाट्याने काढून दिला, हे मला आजही बोचतं. तिसऱ्या महिन्यात विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, रात्रीची घेते. सकाळची बंद केली. बरं वाटतंय की मला. आणि ही गोळी केवढ्याला पडते ते तुला माहीतच आहे.”

इंदूरमध्ये औषधांच्या काउंटरवर मी 26 वर्षं उभी आहे. अशा काकू आणि असे काका मला दर महिन्याला भेटतात. डॉक्टरांसमोर पैशांचं बोलायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून घरी येऊन ते गुपचूप गोळी कमी करतात. माझ्या मते या औषधाच्या बाबतीतली सगळ्यात धोक्याची चूक हीच आहे.

काकूंना एट्रियल फिब्रिलेशन आहे, डॉक्टर त्याला ए-फिब म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. त्यांची गोळी अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन आणि डॅबिगाट्रानसारखीच एक नवी गोळी. तिचा जोर साधारण बारा तासांनी निम्मा होतो आणि चोवीस तासांनी पाव उरतो. म्हणून ती दोनदा घ्यायची. एकदाच घेतली तर दिवसाचे कितीतरी तास गुठळीला रान मोकळं. शिवाय ‘बरं वाटतंय’ ही खूण इथे उपयोगाची नाही. गुठळी होताना काही दुखत नाही.

गोळीची किंमत पाहिली, महिन्याचा खर्च पाहिला नाही

जुनी गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा असेनोकूमारॉल, अगदी स्वस्त आहे. पण तिच्याबरोबर आय.एन.आर.ची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी, तपासणी येते. सुरुवातीला दर काही दिवसांनी, आकडा स्थिरावला की साधारण महिन्याला एकदा. तपासणीचे पैसे, रिक्षा, सोबत येणाऱ्या मुलाची अर्धी रजा, आकडा हलला की डॉक्टरांची पुन्हा फी. हे सगळं कागदावर लिहा आणि शेजारी नव्या गोळीचा महिन्याचा खर्च मांडा. काही घरांत नवी गोळी स्वस्त पडते, काहींत जुनी. तुमचं उत्तर शेजाऱ्यांच्या उत्तरावरून काढू नका.

नवी गोळी महागच असते, हेही आता तितकंसं खरं नाही. रिव्हरॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन यांची पेटंटं भारतात संपली आणि बऱ्याच भारतीय कंपन्यांनी त्याच सॉल्टच्या, म्हणजे त्याच मूळ औषधाच्या, गोळ्या आणल्या. एकाच सॉल्टच्या दोन पत्त्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, “हीच सॉल्ट, हाच डोस, कमी किमतीत चालेल का?” दवा बाजारात चार दुकानं फिरा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा. फक्त आपल्या मनाने सॉल्ट बदलू नका.

आणि एवढं करूनही परवडत नसेल, तर तसं डॉक्टरांना सांगा. नीट तपासण्या करून घेतलेली जुनी गोळी ही अर्धवट घेतलेल्या नव्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली. हे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही.

महाग पडते म्हणून एस्पिरिनवर भागवणं

“तीही रक्त पातळ करते ना, वहिनी?” हा प्रश्न मला सतत विचारला जातो. मुळात यातलं कुठलंच औषध रक्त पातळ करत नाही. रक्त गोठण्याच्या कामात ते आडवं येतं, आणि प्रत्येक औषध वेगळ्या जागी. एस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना आवरते. ए-फिबमधल्या गुठळीवर तिचा जोर फारच तोकडा पडतो. ज्या ए-फिबच्या रुग्णांना वॉरफरिन देणं योग्य नव्हतं, त्यांच्यात अपिक्साबॅन आणि एस्पिरिनची समोरासमोर चाचणी झाली आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष आले. अपिक्साबॅन घेणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं आणि मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक नव्हता. एस्पिरिन सौम्य म्हणून सुरक्षित, ही समजूत तिथेच मोडीत निघाली.

हृदयात स्टेंट असेल तर काही काळ दोन्ही औषधं लागतात. ते डॉक्टर ठरवतात, आणि बंद कधी करायचं तेही तेच ठरवतात. जुन्या पर्चीवरची एस्पिरिन वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदा नक्की विचारा.

नवं ते सगळ्यांनाच चांगलं, असं धरणं

माझ्या वडिलांची हृदयाची झडप धातूची होती. पुण्याच्या आत्याचा फोन यायचा, “त्या आय.एन.आर.च्या कटकटीत कशाला राहता? आता नव्या गोळ्या आल्यात!” आत्या प्रेमानेच सांगत होती. पण धातूची झडप असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत. अशा रुग्णांवर डॅबिगाट्रानची चाचणी सुरू केली होती, ती 2012 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांचंही तसंच. 2022 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत हृदयाच्या अशा आजाराच्या रुग्णांना रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्याच गोळीने जास्त वाचवलं. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगते.

ज्यांना नवी गोळी चालते त्यांचा हिशेब मात्र भक्कम आहे. चार मोठ्या चाचण्यांतल्या 71,683 रुग्णांची माहिती 2014 मध्ये एकत्र मांडली गेली. वॉरफरिनच्या तुलनेत कवटीच्या आतला रक्तस्राव जवळजवळ निम्मा झाला. पोटा-आतड्यातला रक्तस्राव मात्र सुमारे एक चतुर्थांशाने वाढला, आणि ही वाढ सगळ्या गोळ्यांत सारखी नव्हती. अपिक्साबॅनमध्ये ती दिसली नाही. ज्यांना आधी अल्सर झालाय, शौचावाटे रक्त गेलंय, त्यांनी ते गोळी ठरण्याआधीच सांगायला हवं.

नको ती तपासणी, हवी ती नाही

नव्या गोळीवर असताना काही जण सवयीने आय.एन.आर. करून घेतात. त्यावरून या गोळीचा परिणाम नीट कळत नाही, पैसे मात्र जातात. तेच पैसे क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर, खर्च करा. या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात किडनीतून बाहेर पडतात, डॅबिगाट्रान तर सुमारे 80 टक्के. किडनी मंदावली की औषध अंगात साचतं. वर्षातून एकदा तपासणी हवीच, पंचाहत्तरीनंतर सहा महिन्यांनी. मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी आटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

वजनही करून जा. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी असतील तर ए-फिबमध्ये अपिक्साबॅनचा दर वेळचा डोस 5 ऐवजी 2.5 मिलिग्रॅम होतो. भीतीपोटी आपणच कमी डोस मागू नये.

घेण्याच्या पद्धतीतही चुका होतात. रिव्हरॉक्साबॅनची 15 किंवा 20 ची गोळी भरल्या पोटी घ्यायची. नुसत्या चहाबरोबर घेतली तर ती पुरती अंगी लागत नाही. डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडून पावडर घेऊ नका, औषध एकदम जास्त शोषलं जातं. ती मूळ वेष्टनातच ठेवा, आठवड्याच्या प्लॅस्टिक डबीत नको, ओल लागते.

गुडघेदुखीची गोळी

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मागायला येणाऱ्याला मी आधी विचारते, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? कारण दोन्ही एकत्र आली की पोटातला रक्तस्राव वाढतो. बहुतेकांना पॅरासिटामॉल चालते. टी.बी.ची रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या नव्या औषधाचा जोर उलट कमी करतात. म्हणून कुठल्याही नव्या पर्चीवेळी चालू गोळीचा पत्ताच दाखवा. दात काढायचा असेल तरी स्वतःहून चार दिवस आधी बंद करू नका. किती तास थांबायचं, थांबायचं की नाही, हे तुमचे डॉक्टर आणि दंतवैद्य ठरवतील.

डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, किंवा डोक्याला मार लागला (वरून काही दिसत नसलं तरी), तर थेट मोठ्या दवाखान्यात. पाकिटात चिठ्ठी असू द्या: गोळीचं नाव, डोस, वेळा.

काकूंना मी तो हिशेबाचा कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तीच सॉल्ट दुसऱ्या कंपनीची लिहून दिली. आता काकू महिन्याचे सहा पत्ते एकदम नेतात आणि पत्त्याच्या पाठीवर बॉलपेनने लिहितात, “सो. स., सो. रा., मं. स.” गेल्या महिन्यात चार गोळ्या उरल्या. देवासला लग्नाला गेल्या आणि औषध घरी राहिलं. चार गोळ्या म्हणजे दोन दिवस. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला, दोन एकदम कधीच नाही, हे त्यांना पाठ होतं. पण औषधच जवळ नसेल तर काय घेणार? आता त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात कापलेल्या पत्त्याच्या चार गोळ्या असतात, नावाचा भाग न कापता.