शरीर ताठर असणाऱ्यांनी आसने कशी करावीत

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात, हात पायांच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून अनेक नवशिके पाठीला पोक काढून पुढे वाकतात आणि सगळा ताण कमरेवर घेतात. मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असले की ते बैठकीची हाडे खेचून धरतात, त्यामुळे ओटीपोटाचा भाग मागे कलतो. यासाठी घट्ट घडी घातलेल्या चादरीच्या कडेवर बसावे, गुडघे थोडे वाकवावेत, तळपायांभोवती पट्टा किंवा लांब कापड अडकवून त्याची टोके हातांत धरावीत आणि श्वास घेताना छाती उचलून, सोडताना खुब्यांतून पुढे झुकावे. कपाळ गुडघ्यांना टेकले नाही तरी काही बिघडत नाही. पाठ लांब राहणे अधिक महत्त्वाचे आहे.

पाय फाकवून उभे राहून बाजूला वाकण्याच्या त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी विटेवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर टेकवावा. हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलण्याचे अधोमुख श्वानासन भिंतीला तळहात लावूनही करता येते. यात कमीपणा मुळीच नाही, योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी अशी साधने आपल्या पद्धतीचा भागच बनवली होती. स्नायूत सुसह्य ताण जाणवत असेल तर २० ते ३० सेकंद थांबावे. मात्र सांध्यात टोचले, मुंग्या आल्या किंवा श्वास अडखळला, तर आसन सावकाश सोडावे.