इंग्लंडमधील खेड्यात बिऱ्हाड थाटताना

घर ठरवण्यापूर्वी बसचे वेळापत्रक पाहावे. अनेक खेड्यांत संध्याकाळनंतर आणि रविवारी बस नसते, त्यामुळे गाडी चालवता येणे जवळपास अपरिहार्य ठरते. गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या गावात घर उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल बाहेरच्या टाकीत भरून घ्यावे लागते, आणि पुरवठादार सहसा ५०० लिटरपेक्षा कमी तेल देत नसल्याने मागणी थंडीपूर्वीच नोंदवावी. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल, तर जुनी खिडकी बदलण्यापूर्वीही परवानगीची चौकशी करावी, कारण विनापरवाना फेरफार हा तिथे फौजदारी गुन्हा आहे (घरमालकाचे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये). शेतातील सार्वजनिक पायवाटेने कोणीही जाऊ शकतो. मात्र फाटक जसे आढळले तसेच ठेवावे. ओळखींसाठी पब आहेच, पण १८९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पॅरिश कौन्सिलच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गावपातळीवरील परिषदेच्या) खुल्या सभेलाही आवर्जून बसावे; बाकांपासून दफनभूमीपर्यंतचे विषय तिथेच निघतात.